पोथीत घातलेली दोन पानं

माझ्या कादंबरीतली जोगवती देवी शेवटपर्यंत आपल्या पुजाऱ्याला माफ करत नाही, हे बऱ्याच वाचकांना खुपतं. मागच्या हिवाळ्यात लातूरच्या एका वाचनालयात कार्यक्रम होता, तिथं एक तरुण मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, देव म्हणजे दया. मग तुमची देवी एवढी खुनशी का?" मी तिला गुळमुळीत उत्तर दिलं. सत्तेचं स्वरूप, भक्तीचं राजकारण, बदलती मूल्यं असले शब्द वापरले, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि चहा आला. खरं उत्तर दोन वाक्यांचं होतं. जोगवती मी कुठल्या पुराणातून आणलेली नाही, ती माझी थोरली बहीण आहे. पुजारी आमचे चुलते होते, आणि माफ न करणारी बाई मी. आता गुडघे दुखतात, सभेत उभं राहून बोलवत नाही, म्हणून ते सगळं इथं बसून लिहिते आहे.

आमचं गाव कंधारच्या रस्त्यावर. घर तीन खोल्यांचं, वर पत्रे, मागं गोठा. घरात माय, अण्णा, मी, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी कौसल्याअक्का आणि अण्णांचे थोरले भाऊ बापूकाका. गावच्या देवीची पूजा काकांकडं होती. त्यांना बायको-लेकरं नव्हती, पण घरातलं प्रत्येक माणूस त्यांचंच होतं. अण्णांना काहीही विचारलं की ते मान खाली घालून म्हणायचे, "दादाला इचार." शेतात काय पेरायचं ते काका ठरवायचे आणि आज अंबाडीची भाजी की पिठलं तेही काकाच ठरवायचे. सकाळ व्हायची ती मायच्या भाकऱ्यांच्या थापांनी. मग गिरणीचा पट्टा फिरायला लागायचा, आणि देवळाच्या बाजूनं रजियाखालाच्या शिलाई मशीनचा आवाज सुरू व्हायचा. तो आवाज मला कुणीतरी पायऱ्या उतरत पळत येत असल्यासारखा वाटायचा. खाला देवळाला लागून असलेल्या एका खोलीत बायकांचे कपडे शिवायची. तिच्या सासऱ्यापासून ते दुकान तिथंच होतं. देवीच्या मूर्तीचं नवरात्रातलं झंपरही तीच शिवायची, आणि अक्का शाळेतून आली की तिच्या शेजारी बसून काजं करायला शिकायची.

अक्काचे केस कमरेच्या खाली जायचे. रविवारी न्हाणं झालं की ती उंबऱ्यावर बसायची, मी मागं चौरंगावर, आणि खोबरेल तेल लावून मी तिचा गुंता सोडवायची. माय तेव्हा सुशीला करायची, मुरमुऱ्याला हिरवी मिरची, वर दाण्याचा कूट. केसांतून कंगवा फिरताना अक्का सगळं बोलून घ्यायची. तिला नांदेडला जाऊन डी.एड. करायचं होतं. "पोरं फळ्याकडं बघतील आन् मी पोरांकडं," ती म्हणायची, आणि हसताना हात तोंडावर न्यायची. बारावी झाली, तिनं अर्ज भरला. त्या वर्षीच्या नवरात्रात हे घडलं.

पाचवी माळ होती. अक्काला दोन दिवस अंगात ताप होता, त्यात उपास. आरतीच्या वेळी देवळात गर्दी, धूप, संबळाचा आवाज. अक्का डोलली आणि पडली. बायकांनी "आई आली, आई आली" असा गलका केला. काका पुढं झाले, तिच्या कपाळाला मळवट भरला आणि मोठ्यानं विचारलं, "कोण हाईस माय तू? काय पाहिजे तुला?" अक्का पुटपुटली, "पाणी... पाणी..." आणि हात लिंबाच्या झाडाकडं गेला. तिथं पाण्याचा माठ होता. पण त्या साली गावातल्या विहिरी आटलेल्या. काका वळून म्हणाले, "देवी पाणी दाखवून राहिली." महिनाभरानं लिंबापाशी बोअर घेतलं आणि खरंच पाणी लागलं. पहिली धार उडाली तेव्हा अख्खा गाव नाचला. अक्का घराच्या कोपऱ्यात बसून होती. मला जवळ ओढून कानात म्हणाली, "सुमे, मला तहान लागली व्हती गं."

ते वाक्य मी कुणाला सांगितलं नाही. तेरा वर्षांच्या पोरीचं कोण ऐकणार होतं?

त्यानंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी अक्काला देवळात पाटावर बसवायचं ठरलं. एकवेळचं जेवण, गावची शीव ओलांडायची नाही, केसाला कंगवा लावायचा नाही. नावानं हाक मारायची नाही, घरातसुद्धा 'आई' म्हणायचं. पहिल्या मंगळवारी काकांनी मायला पुढं ढकललं. माय आपल्याच लेकीच्या पाया पडली. अक्कानं पाय मागं घेतले तेव्हा काका हलक्या आवाजात म्हणाले, "हलू नको." ती हलली नाही. पुढं तीन वर्षं ती फारशी हललीच नाही. लोक प्रश्न विचारायचे, अक्का काही तरी पुटपुटायची किंवा नुसती बघायची, आणि काका शेजारी उभे राहून तिचा अर्थ सांगायचे. कुणाच्या बांधाचा वाद, कुणाच्या पोरीचं लग्न, ग्रामपंचायतीला कोण उभं राहावं, सगळं देवी सांगायची, पण बोलायचे काका. पूर्वी चावडीवर त्यांना कडेला जागा मिळायची, आता सरपंच उठून त्यांना जागा द्यायचे. ते पांढरं उपरणं घ्यायला लागले, हळू बोलायला लागले. माणसाच्या हातात सत्ता आली की त्याचा आवाज खाली येतो, हे मी कादंबरीत लिहिलं आहे. समीक्षकांना ते निरीक्षण फार आवडलं.

डी.एड.चं पत्र आलं ते पोस्टमननं माझ्या हातात दिलं. मी धावत देवळात गेले. काकांनी ते उघडून वाचलं, घडी घातली आणि कापराच्या ताटलीत ठेवलं. अक्का समोर पाटावर बसलेली. "देवीनं मास्तरीण होऊन काय करायचं?" असं म्हणून त्यांनी काडी लावली. कागद आधी कडांनी काळा झाला. अक्का बघत होती. तिचे केस तेव्हा मानेपाशी चिकटायला लागले होते, काही महिन्यांत त्यांच्या जटा झाल्या, दोरखंडासारख्या. बायका त्या जटांना हात लावून हात कपाळाला लावायच्या. मला त्यांचा वास यायचा आणि रडू यायचं.

एवढं सगळं मी सोसलं असतं की नाही, माहीत नाही. पण मी सोळा वर्षांची झाले त्या उन्हाळ्यात काकांना देवळाचा सभामंडप वाढवायचा होता आणि खालाची खोली मध्ये येत होती. एका शुक्रवारी भरल्या देवळात काकांनी अक्काकडं कान नेला आणि सांगितलं, "देवीला मशीनचा आवाज सोसंना." कुणीही काही बोललं नाही. ज्यांच्या पोरींच्या लग्नाचे कपडे खालानं शिवले होते त्याही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी खालानं मशीन बैलगाडीत चढवलं. मी मदतीला गेले तेव्हा ती दोऱ्याची रिळं पदरात गोळा करत होती. म्हणाली, "बेटा, मेरेको एक बात बता. देवीच्या अंगावरचं झंपर याच मशीनवर शिवलंय ना? मग आवाज आत्ताच कामून सोसंना झाला?" ती एसटीच्या थांब्याजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये गेली. पाटावर बसल्यापासून त्या संध्याकाळी अक्का पहिल्यांदाच माझ्याशी स्वतःहून बोलली. "मी काईच म्हणले नव्हते, सुमे. खालाला सांग, मी काईच म्हणले नव्हते." मी तिचा हात धरला आणि मला काकांचा इतका राग आला की माझ्या तोंडाला लोखंडाची चव आली. मी रडले नाही. मी ठरवलं.

नवरात्रात दुपारी देवळात बायकांसाठी पोथी वाचायची पद्धत होती आणि ती मी वाचायची, कारण माझा आवाज खणखणीत होता आणि मोडीसारखं जुनं अक्षर वाचताना मी अडखळायची नाही. पोथी हातानं लिहिलेली, सुटी पानं, वर-खाली दोन लाकडी फळ्या, लाल फडक्यात बांधलेली. कुणी लिहिली कुणाला माहीत नव्हतं. गावात तिच्यावर देवीइतकाच विश्वास होता. पाच वर्षं वाचून तिच्या ओव्या मला पाठ झाल्या होत्या, त्यांची चाल माझ्या बोलण्यात उतरायची. मी कागद कोऱ्या चहात बुडवून उन्हात वाळवले. बोरू केला. अख्खा भाद्रपद मी गोठ्यात बसून त्या अक्षरासारखं अक्षर गिरवलं आणि एक अध्याय लिहिला, दोन पानांचा. आज माझ्या नावावर जाडजूड पुस्तकं आहेत, पण तेवढं मन लावून मी पुढं काही लिहिलेलं नाही. राग आला की अक्षर चांगलं येतं, हा माझा अनुभव आहे.

अष्टमीच्या दुपारी देऊळ भरलं होतं. माझ्या समोर शंभरेक बायका, भिंतीला टेकून पुरुष, पाटावर अक्का, तिच्या शेजारी काका. मी नेहमीचा अध्याय संपवला आणि पान उलटून माझा सुरू केला. आवाज जराही हलला नाही.

"जो माझ्या नांवें बोले आपुलें । तेणें माझें मुख बांधिलें ।
त्याचे घरीं म्यां पाऊल न ठेविलें । सत्य जाणा ॥"

समोरच्या रांगेतली गंगूआत्या, जी एरवी पोथीत डुलक्या घ्यायची, तिनं डोळे उघडले. मी पुढं वाचत गेले. सुईदोऱ्याचा नाद देवीला मृदंगासारखा गोड वाटतो, जो त्याला हाकलील त्याच्या दारी देवी थांबत नाही. आणि मग,

"माझिये कन्येचे केश गुंतविले । ते तेणेंचि पाहिजेत सोडविले ।
गाव देखतां बैसोनि उकलिले । तरीच क्षमा ॥"

गंगूआत्या म्हणाली, "पुन्हा वाच गं." मी पुन्हा वाचलं. मग एकेक करून सगळ्या माना काकांकडं वळल्या.

काका पुढं आले. "पोथी बघू." मी पानं त्यांच्या हातात दिली. त्यांनी पान उन्हाकडं धरलं, अक्षरावरून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही आणि विसरायची इच्छाही नाही. हे पान खोटं म्हणावं तर आपल्याच देवळातली पोथी खोटी, आणि पोथी खोटी तर पाटावरची देवी कुठली खरी? त्यांनी मला विचारलं, "हे आधी कामून वाचलं नव्हतंस?" मी म्हणाले, "दरसाल पोथी शेवटापस्तोर उरकतच न्हाई, काका." हे खरंच होतं. शेवटचे अध्याय नेहमी राहून जायचे. तेव्हा त्यांनी जे केलं त्यातच ते बुडाले. सवयीनं ते अक्काकडं वळले आणि म्हणाले, "आपण देवीलाच इचारू." आणि कान पुढं नेला.

अक्कानं त्यांचा कान हातानं बाजूला सारला. तीन वर्षांत पहिल्यांदा ती सगळ्यांना ऐकू येईल असं बोलली. "पोथी खरी हाय. कंगवा आणा."

काका मांडी घालून तिच्या मागं बसले. कुणीतरी तेलाची वाटी दिली. त्यांनी एका जटेचं टोक धरलं आणि कंगवा घातला, दात मोडला. दुसरा कंगवा आला. तेल त्यांच्या कोपरापर्यंत ओघळलं, पांढऱ्या उपरण्यावर डाग पडले. एकही जण हसला नाही. हसले असते तर त्यांचं ओझं हलकं झालं असतं. गाव नुसता बघत होता. मी पोथीमागं बसून प्रत्येक हिसका मोजत होते आणि मनात म्हणत होते, अजून, अजून. उन्हं पायरीवरून उतरली तरी एक जट सुटली नव्हती. काकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "न्हाई सुटत, माय," ते म्हणाले. ते कुणाला माय म्हणाले, कळलं नाही.

"मग खालाला बोलवा, कातर घेऊन," अक्का म्हणाली. "तुम्हीच जा. सुमे, तू संगट जा."

काका अनवाणी थांब्यापर्यंत चालत गेले, मी चार पावलं मागं. खाला शेडमध्ये मशीनवर वाकली होती. काका बाहेर उभे राहून म्हणाले, "चल, बोलावलंय." खालानं पाय थांबवला. चष्म्यावरून त्यांच्याकडं बघत विचारलं, "कोण बोलावतंय? देवी का कौसल्या?" काकांनी तेलकट उपरणं खांद्यावरून काढून हातात घेतलं. "कौसल्या," ते म्हणाले. खालानं कातर उचलली.

जटा दगडी फरशीवर पडल्या तेव्हा ओल्या दोरखंडाचा येतो तसा आवाज झाला. अक्कानं मोकळ्या मानेवरून हात फिरवला. खोली अजून पाडली नव्हती; तिच्यावरचा खालाचा हक्क त्याच दिवशी सरपंचांनी मान्य केला, आणि मशीन परत आलं. मला वाटलं, झालं. मी जिंकले.

पण अक्कानं पाट सोडला नाही. पुढच्या मंगळवारी ती कापलेल्या केसांनिशी स्वतः जाऊन पाटावर बसली. पूर्वीपेक्षा जास्त गर्दी झाली. आता तिला मधला माणूस लागत नव्हता. ती काकांना झाडू मारायला लावायची, रांगेच्या शेवटी उभं करायची, त्यांचा प्रश्न ऐकून न ऐकल्यासारखं करायची. मला ते बघायला फार आवडायचं. मी मुद्दाम मंगळवारी जायचे. बारावीनंतर मला नांदेडला प्रवेश मिळाला तेव्हा मात्र मी तिच्यासाठीही फॉर्म आणला. म्हणाले, "अक्का, ऊठ आता. चल माझ्यासंगट."

"आत्ता कुठं लोक माझं ऐकून राहिलेत," ती म्हणाली. "तिथं माझं कोण ऐकणार?"

"पण हे सगळं मी तुझ्यासाठी केलं."

तिला सगळं माहीत होतं, माझं अक्षर ती ओळखायची. "केस लिवलेस, मशीन लिवलंस, काकाची इज्जत लिवलीस," ती म्हणाली. "कन्येला घरी जाऊ द्या, एवढी एक ओवी लिवायला काय झालं व्हतं, सुमे?"

खरं सांगायचं तर ते मला सुचलंच नव्हतं. मी एकटीच एसटीत बसले. अक्का आणखी काही वर्षं पाटावर बसली. मग रस्ते रुंद झाले, लोक जीप करून मोठ्या देवस्थानांना जायला लागले, टीव्हीवर देव दिसायला लागले. एका मंगळवारी एकटीच बाई खोकणारं लेकरू घेऊन आली. अक्कानं त्याच्या छातीला कान लावला, उठली, त्या बाईला घेऊन एसटीनं कंधारच्या दवाखान्यात गेली आणि परत पाटावर बसली नाही. आता ती निलंग्याला खालाच्या मुलीबरोबर शिवणाचे वर्ग चालवते. आमचं बोलणं चांगलं आहे. तो विषय आम्ही काढत नाही.

राहिले काका. त्या नवरात्रात दसऱ्याच्या आधीच मी माझी दोन पानं पोथीतून काढून चुलीत घातली होती. पुढं काकांनी पोथीचं फडकं सोडून ती पानं शोधली तेव्हा ती मिळाली नाहीत, आणि तिथंच त्यांच्या मनानं घेतलं की देवी येऊन बोलली आणि निघून गेली. आधी ते लबाड होते, आता ते खरोखरचे भाविक झाले. तीस वर्षं ते गाभाऱ्यात शिरले नाहीत, पायरीवरून नमस्कार करायचे. देवीनं आपलं घर सोडलं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

शेवटी त्यांना नांदेडला दवाखान्यात ठेवलं होतं. मला निरोप आला, मी लातूरहून गेले. खाटेवर एवढंसं माणूस उरलं होतं. मला जवळ बसवून ते म्हणाले, "काल कौसल्या आल्ती. म्हणली, काका, उगं जीवाला लावून घेऊ नका. ती पानं सुमीनं लिवली व्हती. चहात बुडवून." ते दम घ्यायला थांबले. "मला खरं वाटंना. सुमे, तू सांग. तू लिवली व्हतीस का?"

हो म्हटलं असतं तर माणूस सुटला असता. अक्कानं त्यांना सोडलं होतं, मला फक्त मान हलवायची होती. मला कापराच्या ताटलीतला तो कागद दिसत नव्हता, जटा दिसत नव्हत्या, खरं तर मला काहीच दिसत नव्हतं. मी त्यांच्या पांघरुणाची घडी नीट केली आणि म्हणाले, "अक्का तुमचं मन राखायला बोलली असंल. मी सोळा वर्षांची पोरगी, मला ओव्या कुठल्या यायला?"

"म्हंजे खरी व्हती?"

"खरी होती, काका."

त्यांनी डोळे मिटले. मग सलाईन लावलेला हात कसाबसा उचलून दुसऱ्या हाताला लावला आणि माझ्यापुढं हात जोडले. देवीचा शब्द मी वाचला होता, म्हणून माझ्यापुढं. मी ते हात धरून खाली ठेवायला हवे होते. मी ठेवले नाहीत. आपले दोन्ही हात मांडीवर घेऊन मी ताठ बसून राहिले, त्यांचे हात दुखून आपोआप खाली येईपर्यंत, आणि तेवढा वेळ मला फार बरं वाटत होतं.